तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या टाकीवरचा हिरवा-लाल नॉब

स्कूबा डायव्हिंगला निघताना पाठीवरची हवेची टाकी उभी करून तिला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणतो तो) जोडायला घेतला की कुणी ना कुणी जवळ येतंच. "हा रंगीत नॉब खरंच कामाचा असतो का? आम्ही बसवावा का?" आजवर मी याचं उत्तर हो, नाही, बघा बुवा आणि आधी पाण्यात तर उतरू, असं चारही प्रकारे दिलंय. यातलं एकही खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

टाकीचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची तोटी, या नॉबनं उघडतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला की हिरवा रंग दिसतो, नसला की लाल. एवढंच त्याचं काम. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. ज्याला स्वतःची टाकी उघडी आहे की बंद हे कळत नाही त्यानं पाण्यात जाऊच नये, असं मोठ्या तोऱ्यात म्हणायचो. रेग (रेग्युलेटर) तोंडात धरा, टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत चार दमदार श्वास घ्या. काटा जागचा हलला नाही म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. फुकटची तपासणी आहे, तिला रंग लागत नाही. हे म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पण ही तपासणी ज्या क्षणी केली त्या क्षणापुरतीच खरी असते, हे त्या तोऱ्यात माझ्या लक्षात यायचं राहून गेलं होतं.

ते लक्षात आलं त्या दिवशी माझ्या बडीनं, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदारणीनं, सगळं नीट केलं होतं. श्वास घेऊन झाले, काटा स्थिर, गेजवर 200 बार, म्हणजे टाकी भरलेली. ती बोटीच्या कडेवर बसली. मी मागून गेलो आणि सवयीनं तिच्या नॉबला हात घातला. का? चांगला बडी शेवटी एकदा नॉब चाचपून बघतो, असं मला शिकवलं होतं म्हणून. पूर्ण उघडायचा आणि मग पाव फेरा परत, हेही त्याच शिकवणीतलं. माझं अर्धं लक्ष शिडीजवळच्या गप्पांत होतं. मी नॉब शेवटपर्यंत फिरवला, पाव फेरा मागे आणला, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि "चल" म्हणालो.

26 मीटरवर तिनं माझ्याकडे वळून छातीपाशी हात हलवला. डोळे मोठे झालेले. मी तिचा गेज हातात घेतला. काटा 150 वर. तिनं श्वास ओढला आणि काटा धाडकन 50 च्या खाली आला, मग हळूहळू वर चढला. पुढच्या श्वासाला पुन्हा तेच. टाकीत हवा होती, पण वाट चिंचोळी झाली होती. वर असताना तेवढी वाट पुरली. 26 मीटरवर त्याच एका श्वासाला पृष्ठभागाच्या साडेतीन पटींहून जास्त हवा लागते, आणि तेवढी त्या फटीतून येईना.

मी माझा ऑक्टोपस (जोडीदारासाठीचा जादा रेग) तिला दिला. तिला नीट श्वास घेता आला. मग समोरूनच तिच्या खांद्यावरून हात घालून नॉब धरला, आणि माझं डोकं कोरं झालं. समोरून धरल्यावर उघडायची दिशा कुठली? हजार वेळा केलेली गोष्ट. मी एका बाजूला फिरवला. जेमतेम पाव फेरा फिरला आणि टक्कन अडला.

त्या अडण्यानं मला सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह फक्त पाव फेरा उघडा होता. म्हणजे बोटीवर मी तो आधी पूर्ण बंद केला होता आणि मग पाव फेरा उघडला होता. आणि आता दुसऱ्यांदा, तेही चुकीच्याच दिशेनं फिरवून, मी तो पूर्ण बंद केला होता. उलट फिरवून उघडला, तिनं आपला रेग परत घेतला, डायव्ह तिथंच संपवला. वर येताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर थांबतात, ती 3 मिनिटं मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

यापुढचं मी फारसं कुणाला सांगत नाही. वर आल्यावर ती म्हणाली, "रेगमध्ये काहीतरी बिघडलंय." मी म्हणालो, "असेल." तिनं रेग दुरुस्तीला पाठवला. काही दोष नाही असं उत्तर आलं, त्या संध्याकाळी मी तिला खरं सांगितलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "मग मधले आठ दिवस मी उगाच त्या रेगला घाबरत होते."

त्यानंतर मी हा रंगीत नॉब, म्हणजे इंडिकेटर, बसवला. माझ्या टाकीवर. चूक झाली होती तिच्या टाकीवर, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

तो तिच्या टाकीवर असता तर? लाल दिसला असता, नक्की. पण मी बघितलं असतं का? हात नॉबवर आणि डोळे शिडीकडे, अशा माणसाला कुठला रंग दिसणार? कधी वाटतं, लाल रंग डोळ्यांच्या कडेला तरी खुपला असता. कधी वाटतं, हे मी मनाची समजूत काढायला म्हणतोय.

आणखीही कुरबुरी आहेत. पाठीवर टाकी घेतली की तो रंग मला स्वतःला दिसत नाही, दुसऱ्यालाच दिसतो. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मावळतो, तिथं तो काळपट दिसतो. लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांचं तर वेगळंच. ट्विनसेट (दोन टाक्यांची जोडी) घेऊन गुहेसारख्या ठिकाणी छताखाली जाणाऱ्यांचा डावा नॉब छताला घासून बंद होऊ शकतो. तिथं डोक्यामागच्या रंगाचा काय उपयोग? हात मागे नेऊन नॉब चाचपता आला पाहिजे, बस्स.

पण एक फायदा झाला, आणि तो मी विकत घेतलाच नव्हता. माझ्या नॉबवर पाव फेरा परत आणला की हिरवा पूर्ण राहत नाही. त्यामुळे ती सवय सुटली. जुन्या व्हॉल्व्हच्या काळात, तो उघड्या स्थितीत अडकू नये म्हणून तो पाव फेरा होता म्हणे. आजच्या व्हॉल्व्हना त्याची गरज नाही. आता माझा नॉब एकतर पूर्ण उघडा असतो किंवा पूर्ण बंद. पूर्ण बंद असला तर दोन-तीन श्वासांत कळतंच. फसवतो तो मधला.

मग सवय सुटल्यावर इंडिकेटर कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारतो. काढला मात्र नाही.

माझी बडी अजून माझ्याबरोबर डायव्ह करते. तिच्या टाकीवर साधा काळा नॉब आहे. श्वास घेऊन झाले की ती कुणालाच तिथं हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात उडी मारण्याआधी तिनं माझ्या नॉबकडे बघितलं, "हिरवा" म्हणाली, आणि तरीही माझा गेज माझ्यासमोर धरून म्हणाली, "घे चार श्वास."

घेतले.