आधी छत, मग इंजिन

जुनी पोर्शे ९११ कॅब्रिओलेट, म्हणजे उघडमीट होणाऱ्या कापडी छताची गाडी, बघायला गेलं की लोक आधी रेस देऊन आवाज ऐकतात. ९९२ या पिढीची सुरुवातीची करेरा एस म्हणजे ३ लिटर, दोन टर्बो, ४५० पीएस (साधारण तेवढीच हॉर्सपॉवर), आवाज येणारच. त्यावरून गाडीची तब्येत कळत नाही.

इंजिन चालू ठेवून छत तीनदा उघडा, तीनदा मिटा. एका वेळेला साधारण १२ सेकंद लागतात, तेही ताशी ५० किमीपर्यंत चालत्या गाडीत. एक बाजू मागे राहिली किंवा मोटर कण्हायला लागली तर हायड्रॉलिक तेल गळतंय का ते बघा. ‘बॅटरी उतरलीय हो’ हे उत्तर ठरलेलं. मल्टिमीटर लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत १४ च्या आसपास मिळाले, तर बॅटरीला दोष देता येणार नाही.

मग पाणी. आपल्याकडे, त्यातही त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला, हीच खरी परीक्षा. छत मिटवून मागे कापड पत्र्याला टेकतं त्या खोबणीत बाटलीनं लिटरभर पाणी सावकाश सोडा. ते गाडीखाली ठिबकायला हवं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाल्यानं निचऱ्याची वाट तुंबते आणि पाणी आत, वायरिंगपर्यंत मुरतं. मागच्या सीटपुढचा गालिचा मुठीत दाबून हात हुंगा. गाडीत परफ्यूमचा घमघमाट असेल तर दोनदा हुंगा.

दाराचं हँडल ओढल्यावर काच किंचित खाली यायला हवी. नाही आली तर दर वेळी रबर चेपतं, आणि पावसाळ्यात गळती तिथूनच.

टायर पुढे २४५/३५ आर२०, मागे ३०५/३० आर२१, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल होत नाहीत. कडेवर ‘२३२१’ दिसलं तर २०२१ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी मिळत नाही. पुढचं नाक सुमारे ४० मिमी उचलणारी यंत्रणा मात्र मागाच. आपल्या गतिरोधकांवर तिच्यावाचून पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासलाच म्हणून समजा.

ट्रायलला समृद्धी नको. तिथं ताशी १२० ची मर्यादा, आणि सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी शहाणीच वागते. कसारा घाट उतरा. ब्रेकवर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क तपासा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. घासून उरलेली मायक्रोमीटरनं मोजा, आणि मगच किमतीवर बोला.