किल्ली कोणाकडे?

आमच्या अभ्यासिकेतील लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात प्रमाणपत्रांचा एक गठ्ठा अजून पडून आहे. जाड कागद, चारी बाजूंनी सोनेरी कड आणि नाव लिहिण्यासाठी सोडलेली रिकामी रेघ. ज्यांच्या घरी अभ्यासाला बसायला जागा नाही, अशा शाळकरी मुलांसाठी आम्ही काही जणांनी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली, तेव्हा तरुण स्वयंसेवक मिळावेत म्हणून मीच हा उपाय सुचवला होता. चाळीस तास काम करणाऱ्याला प्रमाणपत्र, असे ठरले. पहिल्या वर्षी इतके अर्ज आले की काहींना नकार कळवावा लागला, आणि त्या यशाने मी हुरळून गेले. वर्ष संपल्यावर हजेरीचे रजिस्टर घेऊन बसले, तेव्हा ध्यानात आले की बहुतेकांच्या सह्या चाळीस तासांच्या आसपास येऊन थांबल्या आहेत. अडतीस तास भरलेल्या एका मुलाने तर मला विचारले होते, "ताई, आज दोन तास थांबलो, तर उद्यापासून यायला नको ना?" त्याच्यावर रागावण्याचा मला काहीच अधिकार नव्हता, कारण सौदा मीच मांडला होता.

हे होणारच होते, असे आता वाटते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. रंगीत पेनांनी चित्रे काढायला ज्यांना मुळातच आवडत असे, अशी मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढले तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र आधी काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात पुन्हा ठेवली, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या तुलनेत जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झालेली नव्हती. कागदात विष नसते. तो कामाच्या आधी पुढे केला, की काम त्या कागदाची किंमत होऊन बसते.

याचा अर्थ प्रमाणपत्र मागणाऱ्या तरुणाला नाक मुरडावे, असा मुळीच नाही. गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवेमागील हेतूंचे सहा प्रकार मांडले. मूल्ये आणि शिकण्याची इच्छा यांच्या बरोबरीने मित्रांचा सहवास, स्वतःविषयीचा आदर, मनातील अस्वस्थतेपासून सुटका आणि नोकरीच्या दृष्टीने होणारा उपयोग हेही हेतू त्यांनी त्याच रांगेत बसवले आहेत. हेतू आणि प्रत्यक्ष अनुभव यांचा मेळ बसला की माणूस समाधानी राहतो आणि टिकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. निव्वळ परोपकारासाठी आलेलाच खरा स्वयंसेवक, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या ज्येष्ठांनी आपण स्वतः पहिल्यांदा का गेलो होतो, हे प्रामाणिकपणे आठवून पाहावे. मी गेले होते ती एका मैत्रिणीच्या आग्रहामुळे.

पुढच्या वर्षी प्रमाणपत्रे बंद केली आणि अर्जही आटले. तेव्हा आमच्यातील एका सद्गृहस्थांनी तो नेहमीचा निकाल दिला, की आजच्या मुलांना कशाचेच काही पडलेले नाही. मी मानही डोलावली असती. पण आमची आवाहनाची पद्धत आठवली. दोनशेहून अधिक सदस्य असलेल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आम्ही "या आठवड्यात कोणाला वेळ आहे?" असे विचारत होतो आणि उत्तर आले नाही की मुलांना दोष देत होतो.

जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा १९६८ सालचा प्रयोग या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. न्यूयॉर्कमधील विद्यार्थ्यांना त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला लावले, आणि बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज सर्वांना ऐकवला. हा आवाज आपण एकटेच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी तो झटका संपण्याच्या आत मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकत असल्याची समजूत असलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले, आणि आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत ३१ टक्क्यांवर. मला यातील सर्वांत मोलाची वाटणारी नोंद आकड्यांपलीकडची आहे. जे उठले नाहीत ते निर्विकार बसलेले नव्हते. प्रयोगकर्ता खोलीत आला तेव्हा त्यांच्यातील अनेकांचे हात थरथरत होते, तळवे घामाने भिजले होते, आणि त्या माणसाचे पुढे काय झाले, असे त्यांनीच विचारले. कळकळ होती, पण मदतीची जबाबदारी आपल्याच वाट्याला आली आहे, हे त्यांना कळलेले नव्हते.

म्हणून गटावरचे आवाहन थांबवून मी एकेकाला फोन करू लागले, आणि मोघम "मदत" मागण्याऐवजी नेमके काम सांगू लागले. शुक्रवारी सहा ते साडेसात, सातवीतील तीन मुले, अपूर्णांक. अशा कामाला नकार देणेही सोपे असते, आणि तेच मला हवे होते, कारण ज्याला मोकळेपणाने नकार देता येतो त्याच्याच होकारावर विसंबता येते. अकरा जणांना फोन केले, त्यांपैकी चौघे आले. त्यांच्यात बारावीत शिकणारी, मितभाषी अशी एक मुलगी होती.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला विचारले, "ताई, ह्या मुलांची शाळा साडेपाचला सुटते आणि अभ्यासिका सहाला उघडते. मधला अर्धा तास ती दारापाशी उभी असतात. सहाच का?" मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. सहाचे खरे कारण एवढेच होते, की किल्ली माझ्याकडे होती आणि माझे कार्यालय साडेपाचला सुटत होते. तीन वर्षे पंधरा-वीस मुले रोज अर्धा तास उभी राहत होती, ती माझ्या पर्समधील एका किल्लीमुळे. आणि हे पाहायला सतरा वर्षांची, नव्याने आलेली नजर लागली.

किल्ली तिच्याकडे द्यायला मी तरीही तीन आठवडे लावले. काही हरवले तर, भांडण झाले तर, कोणाला लागले तर, अशी कारणे मी स्वतःलाच सांगत राहिले. शेवटी, आमच्या गटातील एक ज्येष्ठ सदस्य त्या वेळी शेजारच्या खोलीत बसतील, अशी व्यवस्था करून ती दिली.

मुलांच्या सहभागाविषयी रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी केलेल्या मांडणीत आठ पायऱ्यांची एक शिडी आहे. तिची कल्पना त्यांनी शेरी आर्नस्टीन यांच्या १९६९ सालच्या लेखातील शिडीवरून घेतली होती. खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. मुलांना वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलावणे, अशा त्या तीन पायऱ्या आहेत. कार्यक्रमात एकसारखे सदरे घालून खुर्च्या मांडणारी, पाहुण्यांना गुच्छ देणारी आणि छायाचित्रात पुढच्या रांगेत बसवली जाणारी तरुण मुले मला आता दिसली, की ती दुसरी पायरी आठवते. मात्र या शिडीच्या टोकाला काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. मुलांनीच सुरू केलेला आणि मुलांनीच चालवलेला उपक्रम सातव्या पायरीवर आहे. आठवी पायरी मुलांनी सुरू केलेल्या, पण मोठ्यांना बरोबर घेऊन निर्णय केलेल्या कामाची आहे. सगळे तरुणांच्या गळ्यात घालून आपण मोकळे होणे म्हणजे नेतृत्व देणे, असा अर्थ हार्ट यांना अभिप्रेत नव्हता. या क्रमाबद्दल पुष्कळ वाद झालेले आहेत. मला तो पटतो, कारण किल्ली दिल्यानंतरच माझे खरे काम सुरू झाले.

ते काम होते गप्प बसण्याचे. नववीच्या मुलांनी पाचवीच्या मुलांना शिकवावे, असे त्या मुलीने ठरवले. कल्पना सुरेख होती आणि पहिले दोन आठवडे तिचा पार बोजवारा उडाला. मोठी मुले लहानांवर ओरडू लागली, लहान मुले येईनाशी झाली, आणि एका संध्याकाळी एक पाटी भिंतीवर आपटून फुटली. "आपण पूर्वीसारखेच करू या," असा निरोप मी तिला दोनदा टंकित केला आणि दोनदा पुसला. तिसऱ्या आठवड्यात तिने मोठ्या मुलांना एकेकटे बोलावून विचारले, तेव्हा उलगडा झाला, की पाचवीचे भागाकार त्यांच्यातील काहींना स्वतःलाच येत नव्हते आणि लहानांसमोर ते उघडे पडेल या भीतीने ती मोठी मुले आवाज चढवत होती. मग तिने मधला तो अर्धा तास मोठ्यांच्या तयारीसाठी राखून ठेवला. माझ्या त्या निरोपाने शांतता परत आली असती, पण नववीच्या मुलांना भागाकार येत नाही, हे आम्हाला कधीच कळले नसते.

उत्साहाबरोबर तयारीही लागते, हे मात्र तरुणांना स्पष्ट सांगावे. १८५९ साली इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जखमींची दैना पाहून आंरी द्युनां थांबला, तेव्हा तो एकतीस वर्षांचा व्यापारी होता आणि वैद्यकाचे शिक्षण त्याला नव्हते. जवळच्या कास्तील्योने गावातील लोकांना एकत्र करून त्याने दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा सुरू केली. परंतु त्याची खरी झेप पुढची आहे. अशा स्वयंसेवकांना शांततेच्या काळातच तयार करून ठेवावे, हा विचार त्याने मांडला आणि त्यातून १८६३ साली जिनिव्हातील ती समिती उभी राहिली, जी पुढे रेडक्रॉस म्हणून जगाला ठाऊक झाली. आम्हीही आता नव्याने येणाऱ्यांच्या पहिल्या दोन संध्याकाळी केवळ तयारीला देतो. एखाद्या मुलाने घरातील मारहाणीबद्दल सांगितले तर काय करायचे, "कोणाला सांगणार नाही" असे वचन का द्यायचे नाही, बंद दाराआड मुलाबरोबर एकटे का बसायचे नाही, आणि आपल्याला थकवा आला आहे हे कोणाला सांगायचे, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे लागते.

आता पैशांविषयी. तरुणांकडून वेळ मागावा, पैसे मागू नयेत, असा एक समज आहे. एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी झालेल्यांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन, काहींना ते स्वतःवर आणि काहींना दुसऱ्यांवर खर्च करायला सांगितले होते. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम लहान की मोठी याने त्यात फरक पडला नाही. लहान रकमेचे दान लहान मानू नये, इतके यावरून निश्चित म्हणता येईल. आमच्या स्वयंसेवकांनी आपापल्या खर्चातून वाचवून एका डब्यात पैसे जमवले होते. चार महिन्यांनी एका मुलाने त्यांचे काय केले असे विचारले, तेव्हा मी म्हटले, "कामालाच लागले." पावत्या होत्या, पण त्या बुटांच्या एका खोक्यात कोंबलेल्या होत्या. तो काही बोलला नाही. त्या वर्षी त्याने पुन्हा काही दिलेही नाही. मोठ्या देणगीदारांना मी हिशेबाचे छापील पान पाठवत होते, आणि याला दोन शब्दांत वाटेला लावले होते.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांच्यातीलच एक जण जमाखर्च मोठ्याने वाचतो आणि डब्यातील पैशांचे काय करायचे, हे तेच ठरवतात. मध्यंतरी माझे मत गोष्टींच्या पुस्तकांना होते; त्यांनी मागच्या दोन टेबलांवर दिवे लावायचे ठरवले. अंधार पडल्यावर त्या टेबलांवर कोणी बसतच नाही, हे मला ठाऊक नव्हते, कारण माझी खुर्ची ट्यूबलाइटच्या खाली होती.

गेल्या महिन्यात ती मुलगी पुढील शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली. जाण्याआधी तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर पेन्सिलीने लिहिले आहे, की खिडकीची डावी कडी आधी वर उचलावी आणि मग ओढावी. पाचवीतील दोन भावांना शेजारी बसवू नये. पाऊस असेल तर दार पंधरा मिनिटे आधी उघडावे. किल्ली तिने सोळा वर्षांच्या एका मुलाकडे दिली आणि मला तसे कळवले. मला विचारले नाही, याचे क्षणभर वाईट वाटले, हे लपवत नाही.

त्या रात्री आठवले, की किल्लीची दुसरी प्रत इतकी वर्षे माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि हे मी तिला कधीच सांगितलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती मी त्या मुलाच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, खिशातल्या पहिल्या किल्लीशी ताडून पाहिली आणि विचारले, "ताई, मग ही कोणाला देऊ?"