अपडेट झालं, पण सर्व्हिसला पत्ताच नाही

शुक्रवारी सर्व्हरला हात लावायचा नाही हा आमचा अलिखित नियम, पण ओपनएसएसएलचा, म्हणजे नेटवरचा डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्ररीचा, सिक्युरिटी पॅच आला म्हटल्यावर नियम गेला खड्ड्यात. तसं काम छोटंच होतं, ३.० मालिकेतलाच पॅच, म्हणजे लायब्ररीच्या फाईलचं नाव तेच राहणार, तिच्यावर चालणारे प्रोग्राम परत कंपाइल करायला नकोत. ॲप्टने, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या टूलने, दोन मिनिटांत काम उरकलं, डीपीकेजीत, म्हणजे बसवलेल्या पॅकेजच्या नोंदीत, नवीन व्हर्जन दिसलं, एलडीडी (प्रोग्राम कुठली लायब्ररी उचलेल ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर सगळे प्रोग्राम बरोबर त्या फाईलकडेच बोट दाखवतायत. मी ग्रुपवर "झालं" टाकून मोकळा.

तेवढ्यात टीममधल्या सीनियर मॅडमचा मेसेज, "रीस्टार्ट केलंस का?"

नव्हतं केलं. एलएसओएफ (चालू प्रोसेसने कुठल्या फाईल धरून ठेवल्यात ते दाखवणारी कमांड) मारलं आणि तोंडात बोटं घालायची वेळ आली, एकोणीस प्रोसेस, प्रत्येकीसमोर लिबएसएसएल, म्हणजे ओपनएसएसएलची लायब्ररी फाईल, आणि बाजूला डीईएल, म्हणजे डिलीटेड. लिनक्समध्ये फाईल बदलली तरी जुनी लगेच मरत नाही, डिरेक्टरीतलं नाव नव्या फाईलला मिळतं पण ज्या प्रोसेसने जुनी मेमरीत मॅप केलीय ती प्रोसेस बंद होईपर्यंत जुन्या आयनोडलाच, म्हणजे डिस्कवरच्या जुन्या फाईलच्या मूळ नोंदीलाच, चिकटून बसते. एलडीडी बघतं डिस्ककडे, चालू प्रोसेसच्या पोटात काय आहे ते त्याला काय माहीत! २०१४ ला हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या गाजलेल्या त्रुटीच्या वेळी हीच गोष्ट सगळीकडे ओरडून सांगितली होती, मी वाचलीही होती, पण वाचणं वेगळं.

मग एकेक सर्व्हिस रीस्टार्ट करायला घेतली, अठरा बिनबोभाट उठल्या. एकोणिसावी उठेना.

आधी शिव्या अर्थातच पॅचला घातल्या, पॅकेज मागे घ्यायची कमांडसुद्धा टाईप करून ठेवली होती, एंटर मारायच्या आधी लॉग उघडला एवढं माझं नशीब. लॉगमध्ये लायब्ररीचं नावसुद्धा नाही, नुसतं परमिशन डिनाइड, तेही सर्टिफिकेटच्या की (गुप्त किल्ली) फाईलवर. ही सर्व्हिस आठ महिने न थांबता चालू होती, सुरू होताना एकदा की वाचून घेतली आणि नंतर कुणीतरी शिस्त म्हणून ती फाईल ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करून रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, नावावर केलेली. चालू प्रोसेसला काय फरक पडतो, की तर मेमरीत होती. बिघाड कित्येक महिने तसाच पडून होता, आम्ही रीस्टार्ट केलं तेव्हा फुटला आणि नाव पॅचचं. फाईलचा ग्रुप बदलला, ६४० केलं म्हणजे ग्रुपलाही वाचता येईल, सर्व्हिस उठली.

परत एलएसओएफ, एकही डीईएल नाही, म्हटलं सुटलो. मॅडम म्हणाल्या, "फाइंडने लिबएसएसएल शोध एकदा पूर्ण डिस्कवर."

ऑप्ट फोल्डरमध्ये एका बाहेरून घेतलेल्या टूलने स्वतःची वेगळी कॉपी बाळगलेली सापडली, ॲप्टला तिचा पत्ताच नाही त्यामुळे पॅच लागायचा प्रश्नच नव्हता. व्हेंडरला तिकीट टाकलंय, अजून उत्तर नाही.