माहीमचे नऊ बुधवार

गेल्या वर्षी जूनमधल्या एका बुधवारी मी वसई रोडहून गाडी पकडली, तेव्हा देवाकडे नेमकं काय मागायचं हेही मला सुचत नव्हतं. ज्या छापखान्यात 19 वर्षं बाइंडिंग खातं सांभाळलं, तो बंद पडून 11 महिने झाले होते. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. संध्याकाळी घरात सगळे रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायचे. माझे ओठ हलायचे, पण आत काहीच हलायचं नाही.

आई म्हणाली, "माहीमला जा. नऊ बुधवार कर." मी म्हटलं, "देव काय वसईत नाही?" ती म्हणाली, "आहे रे. पण तू घराबाहेर पडत नाहीस."

माझ्यासारख्याच अवस्थेत कुणी माहीमच्या सेंट मायकल चर्चला जाणार असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

आधी वाट सांगतो. विरार फास्ट माहीमला थांबत नाही. अंधेरीला उतरून स्लो पकडायची. हार्बरची गाडीही माहीमला थांबते. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत चर्च येतं. वांद्र्याहून रिक्षाने जायचा विचार करू नका, कारण रिक्षा खाडी ओलांडून शहरात येत नाही. तिथून बस किंवा टॅक्सीच घ्यावी लागते. बुधवारी चर्चसमोरच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. म्हणून माहीम स्टेशनवरून पायी येणं सगळ्यात बरं, आणि मन जड असताना तेवढं चालणं चांगलंच. पावसाळ्यात मात्र अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून निघा.

सेंट मायकल चर्च पोर्तुगीज काळातलं, सोळाव्या शतकात स्थापन झालेलं. आज दिसते ती इमारत 1973 ची. बुधवारची नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ बुधवार करायची मारियामातेची प्रार्थना, 1948 पासून चालू आहे. ती दिवसभरात अनेकदा होते, आणि इंग्रजीखेरीज मराठी, कोंकणी, हिंदीतही असते. वेळा बदलतात, तेव्हा फाटकाजवळचा फलक वाचून घ्या. आपल्या भाषेतल्या नोव्हेनालाच बसा असं मी आग्रहाने सांगेन. पहिल्या बुधवारी मी हाती लागली त्या इंग्रजी नोव्हेनाला बसलो. शब्द सगळे कळले, पण आत काही उतरलं नाही. दुःख ज्या भाषेत होतं, त्याच भाषेत ते देवापुढे ठेवता येतं.

गर्दीत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे कुणी मोजत नाही. माझ्या शेजारी एकदा मंगळसूत्र घातलेल्या बाई होत्या, एकदा टोपी घातलेले आजोबा. माहीमकरांना याचं नवल नाही. बुधवारी हे चर्च आणि गुरुवारी मखदूमबाबांचा दर्गा, हे तिथल्या माणसांना पाठच असतं.

बाहेर मेणाच्या वस्तूंची दुकानं लागलेली असतात. मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर. ज्याचं जे दुखणं, ते तो घेऊन आत जातो. दुकानातल्या मावशींनी विचारलं, "काय देऊ? घर? पाय?" मी नुसता उभा. माझं काय मोडलंय ते त्या मांडणीत कुठेच दिसेना. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि एक साधी लांब मेणबत्ती हातात दिली. "हीच लावा. आई समजून घेते." पुढचे आठही बुधवार मी तीच घेतली.

आता चर्चमधल्या मारियामातेच्या तसबिरीबद्दल. सतत मदतीला धावून येणाऱ्या मातेची ही तसबीर. तिचं मूळ चित्र रोममध्ये आहे. लहानपणापासून आमच्या घरातल्या भिंतीवरही ती होती, पण मी ती कधी नीट पाहिली नव्हती. तिसऱ्या बुधवारी पुढच्या बाकावर जागा मिळाली आणि नजर बाळ येशूच्या पायावर गेली. एका पायातली चप्पल निसटून पट्ट्याला लोंबकळतेय. वर दोन बाजूंना दोन देवदूत आहेत. एकाच्या हातात भाला, दुसऱ्याच्या हातात क्रूस. भाला धरलेला तो मायकल, ज्याच्या नावाने हे चर्च आहे. पुढे आपल्या वाट्याला काय येणार ते पोराने पाहिलंय, आणि ते घाबरून आईकडे इतक्या घाईने धावलंय की चप्पलसुद्धा नीट राहिली नाही. दोन्ही हातांनी त्याने तिचा हात धरलाय.

घाबरणं म्हणजे श्रद्धा कमी असणं, अशी माझी समजूत होती. त्या एका चपलेने ती गेली. जो प्रत्यक्ष देवाचा पुत्र, तोही आधी धावत कुशीत शिरतो. मग माझ्यासारख्या बाइंडरने देवापुढे ताठ उभं राहायची काय गरज? त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. तिथे कुणी वळून बघत नाही, हे नव्याने जाणाऱ्याला सांगून ठेवतो.

मिस्साही, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, त्याच दिवशी होती. प्रवचनात फादरांनी एलीया संदेष्ट्याची गोष्ट घेतली. पवित्र शास्त्रात राजांच्या पहिल्या पुस्तकात, 19 व्या अध्यायात ती आहे. जिवाच्या भीतीने पळालेला एलीया रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो आणि तिथेच झोपतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. देवदूत त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढचा पल्ला त्याला झेपणारा नसतो. मग 40 दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचतो. तिथे सोसाट्याचा वारा, भूकंप, अग्नी येऊन जातात, पण देव त्यांत नसतो. शेवटी अगदी हळू आवाज येतो. तो आवाज म्हणजे काही मोठं उत्तर नसतं. आल्या वाटेने परत जा, आणि अमुक अमुक काम कर, एवढंच.

घरी येऊन मी तो अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. 11 महिने मी देवाकडे उत्तर मागत होतो, आणि त्याने दिलेली भाकर मात्र ताटात तशीच टाकून उठत होतो. बायको दोन वेळा गरम वाढायची, आणि मी पाण्याचा घोट घेऊन निघून जायचो. त्या रात्रीपासून पोटभर जेवायला लागलो. म्हणून सांगतो, नोव्हेनाला उपाशी जाऊ नका. डबा न्या, किंवा वाटेत काहीतरी खाऊन मग आत जा.

एक गोष्ट विशेष कळकळीने सांगायची आहे. एलीयासारखं मरण मागावंसं वाटत असेल, तर बुधवारची वाट बघू नका. घरच्या कुणाला तरी आत्ता सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर 14416 ला फोन केला तर दिवसा-रात्री कधीही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो फोन उचलणारा माणूसही देवाने उशाशी ठेवलेल्या भाकरीसारखाच आहे असं मी मानतो.

चौथा आणि पाचवा बुधवार कोरडे गेले. तसे जातात. सहाव्या बुधवारी परतीच्या गाडीत उभा असताना मनात एवढंच आलं, की जुन्या सोबत्याला फोन कर. छापखाना बंद झाल्यापासून मी त्याला टाळत होतो, कारण त्याने स्वतःचं छोटं काम सुरू केलं होतं आणि माझी हिंमत झाली नव्हती. आल्या वाटेने परत जा. नायगावच्या खाडीवर गाडी आली तेव्हा मी नंबर लावला. तो म्हणाला, "अरे, कुठे होतास तू?" सध्या आठवड्यातले तीन दिवस मी त्याच्याकडे फर्मे, म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले छापील कागद, शिवतो. पगार पूर्वीच्या निम्माही नाही. हप्ते थकलेलेच आहेत.

नोव्हेनात लोकांची पत्रं वाचून दाखवतात, काही मागणीची, काही आभाराची. नोकरी लागली, मूल झालं, व्हिसा मिळाला, ऑपरेशन पार पडलं. लिहायचं असेल तर कागद-पेन घरूनच न्या आणि मजकूर आधी लिहून ठेवा, आत गेल्यावर टेकायला जागा मिळत नाही.

नवव्या बुधवारी मीही लिहिलं. बाहेर पाऊस होता, म्हणून शर्टाच्या आतल्या खिशात घडी करून नेलं. लिहिलं होतं, "माते, काल रात्री दहा वाजता झोपलो, तो थेट पहाटे पाचला जाग आली." नाव घातलं नाही. पेटीत टाकलं, मेणबत्ती लावली आणि अंधेरीची स्लो पकडायला निघालो.