पांढरी पाने खरी का? तुम्ही विचारलेत म्हणून

माझी इन्फ्रारेड निसर्गचित्रे पाहणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाडे खरोखरच अशी पांढरीशुभ्र असतात, की ही सगळी संगणकावरची करामत आहे? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण या चित्रांतला काही भाग कॅमेऱ्याने इमानेइतबारे टिपलेला असतो आणि काही भाग मी ठरवलेला असतो.

पांढरेपणा खरा आहे. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. मी टिपतो तो त्याला लागूनच पलीकडे असलेला, ७०० ते १००० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड पट्टा. पानातले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते, पण या पलीकडच्या किरणांशी त्याला काही सोयरसुतक नसते. ते किरण पानाच्या आतल्या सच्छिद्र थरात शिरतात, पाणीदार पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमेवर पुन्हापुन्हा दिशा बदलतात आणि जवळजवळ निम्मे बाहेर परततात. उरलेल्यांपैकी बरेचसे आरपार जाऊन खालच्या पानावर पडतात व तिथूनही काही अंशी माघारी येतात. म्हणूनच दाट पालवीच्या आतल्या, डोळ्यांना काळोख्या वाटणाऱ्या जागाही चित्रात उजळलेल्या दिसतात. त्याच झाडाला खेटून हिरव्या तैलरंगाचे कुंपण असेल, तर ते मात्र बहुधा काळपट उतरते. दुसऱ्या महायुद्धात झाडोऱ्याच्या रंगात लपवलेली ठाणी विमानातून ओळखण्यासाठी कोडॅकने रंगीत इन्फ्रारेड फिल्म तयार केली, ती याच फरकाच्या भरवशावर.

आकाशाचा काळेपणाही खराच. हवेचे रेणू लांब लहरींना फारच कमी विखुरतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत ८०० नॅनोमीटरचे किरण सुमारे एक दशांशच विखुरले जातात, त्यामुळे निरभ्र आकाशातून कॅमेऱ्याकडे फारसे काही येतच नाही. ढगांतले जलबिंदू रेणूंच्या मानाने अवाढव्य असल्याने ते सर्वच लहरी विखुरतात आणि त्या काळोखावर लख्ख उठून दिसतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या इन्फ्रारेड निसर्गचित्रांतही पांढरी झाडे आणि काळे आकाश होते, आणि तेव्हा संगणक नव्हता. (यात उष्णता दिसते, हा समज मात्र सोडून द्यावा. उष्णतेचे कॅमेरे ८००० ते १४००० नॅनोमीटरच्या आसपास पाहतात. तो निराळाच कारभार आहे.)

रंगांची गोष्ट वेगळी. ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून (साधारण त्याहून आखूड लहरी अडवणाऱ्या काचेतून) आलेले मूळ चित्र विटकरी लाल असते, कारण त्या टप्प्यात सेन्सरवरच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरच्या) तिन्ही रंगांच्या जाळ्यांपैकी लाल जाळी सर्वाधिक प्रकाश आत सोडते. गवतावरून व्हाइट बॅलन्स साधला, म्हणजे गवताला पांढरे मानून बाकीचे रंग जुळवले, की पाने पांढरी आणि आकाश तपकिरी होते. मग संगणकावर चित्राच्या लाल आणि निळ्या वाहिन्यांची, म्हणजे त्या दोन रंगांच्या वेगवेगळ्या नोंदींची, अदलाबदल केली की आकाश निळे होते. ते निळेपण आकाशातून आलेले नाही, ते मी दिलेले आहे. ५९० नॅनोमीटरचा फिल्टर थोडा दृश्य प्रकाशही येऊ देतो आणि त्यातून सोनेरी पानांची चित्रे निघतात. ती प्रथमदर्शनी भुरळ घालतात, पण दहा सलग पाहिली की कंटाळा येतो. मला कृष्णधवल अधिक पटते, कारण त्यात उजेड आणि काळोख यांचे टिपलेले प्रमाण तेवढे उरते.

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांनी प्रथम टीव्हीचा रिमोट आपल्या कॅमेऱ्यासमोर धरून त्याचे बटण दाबावे. पडद्यावर ठिपका चमकला, तर थोडे इन्फ्रारेड सेन्सरपर्यंत पोहोचते आहे असे समजावे. सेन्सरपुढे ते अडवणारी काच मुद्दामच बसवलेली असते, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यावर ७२० चा फिल्टर लावल्यास भर दुपारीही कित्येक सेकंदांचे एक्सपोजर लागते. ट्रायपॉड हवाच, आणि वारा असेल तर पालवीचा धूर होतो. ती काच काढून घेतली की हातात धरून छायाचित्रे काढता येतात, पण मग तो कॅमेरा नेहमीच्या कामातून जवळजवळ बाद होतो. म्हणून हा खटाटोप अडगळीत पडलेल्या जुन्या कॅमेऱ्यावरच करावा, असे माझे मत आहे. मात्र पैसे खर्च करण्याआधी आपली लेन्स तपासावी. काही उत्तम लेन्सही इन्फ्रारेडमध्ये चित्राच्या मध्यभागी फिकट गोल डाग उमटवतात. लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र लहान केले की तो अधिकच ठळक होतो, आणि तो नंतर पुसत बसण्यापेक्षा दुसरी लेन्स शोधणे सोपे असते.