तुम्ही विचारलंत म्हणून: लाइव्ह अल्बममध्ये लाइव्ह किती?

हार्ड रॉक किंवा मेटल नव्याने ऐकायला लागलेल्या कुणालाही मी लाइव्ह अल्बमपासून, म्हणजे लोकांसमोरच्या कार्यक्रमात रेकॉर्ड केलेल्या अल्बमपासून, सुरुवात करायला सांगतो. त्यावर ठरलेला प्रश्न येतो: "पण हे अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेले असतात ना? मग त्यात लाइव्ह काय राहिलं?" विचारणाऱ्याने हे कुठेतरी वाचलेलं असतं आणि वाचलेलं बहुतेक खरंच असतं. त्यामुळे "तू ऐक रे, मजा येईल" एवढ्यावर भागत नाही.

दुरुस्ती होते, सर्रास होते. सत्तरच्या दशकातले गाजलेले लाइव्ह अल्बम काढून बसलात तर त्यातल्या बऱ्याच अल्बमवरून नंतर हात फिरलेला आहे. तरीही ते मला जिवंत वाटतात. का, ते सांगायला आधी जिथे हात फिरलाच नाही त्या अल्बमकडे जायला हवं.

ब्रिटिश बँड डीप पर्पलचा 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२ मधल्या तीन रात्री: १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान. बँडला लाइव्ह अल्बम काढायची हौस नव्हती; गळ घातली ती जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीने. मग बँडने अट घातली की रेकॉर्डिंग आपला नेहमीचा ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च करणार आणि ते बाहेर काढायचं की नाही हे आपण ठरवणार. आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारं मशीन होतं. नंतर कुणी पुन्हा गायलं नाही, पुन्हा वाजवलं नाही. गायक इयान गिलनला तर स्वतःचं त्या रात्रींचं गाणं फारसं पसंतही नव्हतं. ऐकणाऱ्यांचं मत वेगळं पडलं आणि माझंही त्यांच्यासारखंच आहे.

त्यातलं 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' घ्या. स्टुडिओत हे चारेक मिनिटांचं सरळ गाणं आहे, १९७१ मध्ये सिंगल म्हणून आलेलं. ओसाकात ते दुपटीहून लांबतं. मधेच बाकीचे मागे सरतात आणि रिची ब्लॅकमोर गिटारवर एक छोटा तुकडा टाकतो. गिलन तोच तुकडा गळ्यातून परत देतो. पुढचा तुकडा जरा वाकडा, त्यापुढचा आणखी वरचा. आपल्याकडे सवाल-जवाब ऐकलेल्या कानाला हे लगेच उमगेल. ब्लॅकमोर त्याला अडकवायला बघतोय, गिलन सुटतोय, आणि इयान पेस ड्रमवर दोघांकडे लक्ष ठेवून आहे. शेवटी गिलनची ती लांबच लांब किंकाळी, आणि ती संपते तिथे सगळी बँड एका ठोक्यात गाण्यावर परत येते. हे लिहून ठेवून होत नाही. कुणाला कधी यायचंय हे एकमेकांना ऐकूनच ठरतं.

'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे. इथे जवळजवळ वीस मिनिटं चालतं आणि दोन एलपींच्या या अल्बमची अख्खी चौथी बाजू खातं. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन त्यात गुरगुरतो, कारण तो त्याने गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढला होता. 'चाइल्ड इन टाइम'ची ऑर्गनवरची धून ऐकताना मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं: ती 'इट्स अ ब्युटिफुल डे' या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' नावाच्या तुकड्यावरून उचललेली आहे. पुढे ८ एप्रिल १९९५ ला डीप पर्पल अंधेरीच्या क्रीडा संकुलात वाजवून गेले, आणि त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बाहेर आलं तेही 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाने.

आता दुसरी बाजू. थिन लिझीचा 'लाइव्ह अँड डेंजरस', १९७८. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीचं म्हणणं, अल्बमचा तीन चतुर्थांश भाग आम्ही पॅरिसच्या स्टुडिओत नव्याने भरला. बँडच्या बाजूचं म्हणणं बरोबर उलटं: तीन चतुर्थांश जसाच्या तसा आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. जुडास प्रीस्टचा 'अनलीश्ड इन द ईस्ट' टोकियोत फेब्रुवारी १९७९ मध्ये रेकॉर्ड झाला. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा आजारी होता आणि त्याने आपलं गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा गायलं, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. टोमणे मारणाऱ्यांनी अल्बमचं नावच बदलून 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' केलं.

पण दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करतात हे बघितलं तर टोमण्यातला जोर कमी होतो. प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक असला तरी स्टेजवर आवाज एकमेकांत सांडतात. ड्रमवर टांगलेल्या माइकमध्ये शेजारची गिटार शिरते, बेस शिरतो, गायकाचा गळाही शिरतो. गायकाचा ट्रॅक पुसून नवा भरलात तरी जुनं गाणं ड्रमच्या माइकमधून पुसट ऐकू येत राहतं. बेस किंवा गिटार त्यातल्या त्यात बदलता येते. ड्रम बदलायला गेलात तर सगळंच पुन्हा करावं लागेल. म्हणून या वादांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: बाकी काहीही बदललं असेल, ड्रम त्या रात्रीचे आहेत.

आणि ड्रम त्या रात्रीचे असले की लय त्या रात्रीची असते. माझं उत्तर इथे आहे. समोर हजारो माणसं असली की हात चालतात, गाणं थोडं चढतं, एखाद्या वळणावर किंचित पुढे पडतं आणि मग सावरतं. स्टुडिओत नंतर जो कुणी गिटार भरायला बसतो, त्याला त्या चढलेल्या लयीच्या मागेच धावावं लागतं. 'लाइव्ह अँड डेंजरस'वर 'काउबॉय साँग' संपतं न संपतं तोच 'द बॉईज आर बॅक इन टाउन' सुरू होतं. ब्रायन डाउनीचे ड्रम त्या सांध्यावर ऐका. दोन गाण्यांमध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि तो सांधा स्टेजवर पडलेला आहे. फिल लायनॉटचा बेस कुठल्या शहरात भरला याची मला तिथे फिकीर वाटत नाही. हॅलफर्डचंही तसंच. 'एक्सायटर'मध्ये लेस बिंक्सचे पाय बेस ड्रमवर ज्या वेगाने चालतात, तो वेग टोकियोचा आहे. हॅलफर्ड नंतर गायला, पण त्या पायांवर गायला. प्रीस्टची सुरुवातीची गाणी मूळ अल्बमवर ऐकलीत तर ती बारीक, लांबून आल्यासारखी वाटतात. त्यांचं खरं वजन कळतं ते या अल्बमवर.

मला खटकते ती वेगळीच दुरुस्ती: चिकटवलेली गर्दी. किसच्या 'अलाइव्ह!'ने १९७५ मध्ये त्या बँडचं आणि तिच्या कंपनीचं नशीब पालटलं, त्याचं महत्त्व मला मान्य आहे. पण त्यातला लोकांचा जल्लोष सतत एकाच उंचीवर उकळत राहतो. खरी माणसं अशी ओरडत नाहीत. ती मधेच गप्प होतात, ऐकतात, मग उसळतात. जपानमध्ये झालेले इतके लाइव्ह अल्बम कानाला चांगले लागतात याचं एक कारण मला हेच वाटतं की तिथले श्रोते गाणं चालू असताना ऐकत होते आणि संपल्यावर टाळ्या देत होते.

आयर्न मेडनच्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'वरची (१९८५) गर्दी खरी वाटते. मुख्य भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, थोडा लंडनच्या हॅमरस्मिथचा, आणि रेकॉर्डिंगला पुन्हा तोच मार्टिन बर्च. नंतर काही भरायचं नाही असा बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिसचा हट्ट होता. त्याची किंमत 'एसेस हाय'मध्ये ऐकू येते: गायक ब्रूस डिकिन्सन महिनोन् महिने दौऱ्यावर होता, स्टुडिओत सहज घेतलेले वरचे सूर तो इथे टाळतो, खालून वळण घेतो. मला ते वळण मूळ गाण्याइतकंच प्रिय आहे. थकलेला माणूस अक्कलहुशारीने गातोय, आणि आपण ते ऐकतोय.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडननी आपला जगभरचा दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानातून सुरू केला. मी त्या गर्दीत होतो. आधी चर्चिलच्या भाषणाचं रेकॉर्डिंग, मग 'एसेस हाय', जसं १९८५ मध्ये तसंच. पुढच्या वर्षी 'फ्लाइट ६६६' आला. त्यात प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे आणि पहिलं गाणं त्या रात्रीचं, मुंबईचं. म्हणजे एका लाइव्ह अल्बमची साक्ष मी स्वतः देऊ शकतो. मैदानात मला तीन गिटार वेगळ्या ऐकूच आल्या नव्हत्या. आसपासची पोरं भाषण संपायच्या आतच ओरडायला लागली होती आणि पहिला मिनिटभर मला मुख्यतः तीच ऐकू येत होती. अल्बमवर गिटार स्वच्छ सुट्या आहेत, पोरं मागे गेली आहेत. तरीही निको मॅकब्रेनचे ड्रम सुरू झाले की माझे पाय बरोबर त्याच ठिकाणी उचलतात. अल्बममधून जे मला परत हवं होतं ते मिळालं.

तेव्हा सुरुवात 'मेड इन जपान'च्या तिसऱ्या बाजूने करा, म्हणजे वर सांगितलेला तो सामना आधी हाती लागेल. पटलं तर १९९३ मध्ये निघालेला तीन सीडींचा 'लाइव्ह इन जपान' संच मिळवा आणि तेच गाणं निरनिराळ्या रात्री ऐका. मग 'लाइव्ह अँड डेंजरस', वाद बाजूला ठेवून. त्यानंतर मोटरहेडचा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ', जो १९८१ मध्ये ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. नाव हॅमरस्मिथचं असलं तरी त्यात हॅमरस्मिथचं एकही गाणं नाही, रेकॉर्डिंग मुख्यतः लीड्स आणि न्यूकॅसलचं आहे. चाळीसेक मिनिटांत संपतो. तो मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. लेमीचा बेस त्यात दुसऱ्या गिटारसारखा वाजतो आणि लहान स्पीकरवर त्याचा खालचा निम्मा भाग येतच नाही.