सात सेंटीमीटरचं चेतक

आज दुपारभर चेतक हेलिकॉप्टरचं छोटं मॉडेल रंगवत बसलो. १:१४४ स्केल, म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरचं दहा मीटरचं धड इथं जेमतेम सात सेंटीमीटर! यवतमाळकडच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, रंग हळू वाळावा म्हणून थेंबभर रिटार्डर टाकावंच लागतं. कूलरही बंद, नाहीतर रोटरची पाती थेट पलंगाखाली. सगळ्यात किचकट काम पुढच्या काचेचं. तिच्या चौकटी ब्रशनं ओढायच्या भानगडीत मी पडतच नाही. टेप आधी रंगवायची, ब्लेडनं केसाएवढी पट्टी कापायची, चिमट्यानं बसवायची. श्वास रोखून.

आई बघत होती. "सुईत दोरा ओवून दे म्हटलं तं दिसत नाही म्हणते, अन् हे बरं दिसते तुले!"

शेपटीचा पंखा अजून राहिलाच आहे. लाईन गेली.